अर्धा गेम

त्र्याण्णव साली हेमराजनं कारंज्याच्या बसस्टँडमागे व्हिडिओ गेमची मशीन मांडली, आणि तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागला. शाळा सुटली की पोरं शत्रूची विमानं पाडायला जमत, आणि खेळ रंगात आला की तो तसाच टाकून मागच्या दारानं पळत. कारण पुढच्या दारात लक्ष्मणराव गुरुजी छडी घेऊन उभे असत.

"जाय हेमराज, कोन कोन पयाले ते पाहून ये. आत कोनी लपून हाये का, ते मी पायतो."

गुरुजींचा शब्द मोडायचा कसा? हेमराज रोज अख्खी गल्ली पालथी घालून घामाघूम परत येई, आणि वर गुरुजींचं ऐकून घेई, "बंद कर हे दुकान!"

अशी चार वर्षं गेली. हळूहळू पोरं यायची थांबली, आणि हेमराजही पार थकला.

त्या दिवशी गुरुजी आले, तर दुकानात चिटपाखरू नव्हतं.

"पोट्टे काऊन नाई आले रे?"

"तुमच्या भेवानं, गुरुजी. मशीन उद्या नागपूरले वापस चालली. झालं ना तुमच्या मनासारखं?"

गुरुजींनी छडी भिंतीला टेकवली. मशीनकडे बघत हळूच म्हणाले, "मास्तरनं टोकन घेऊन खेळनं बरं दिसत नाई, हेमराज. पोट्टे अर्धा टाकून जात, तेवढाच मी खेळत होतो."

हेमराजनं टोकन टाकलं, दोन विमानं पाडली आणि खेळ तसाच सोडून चपला घातल्या.



"थांबा गुरुजी, कोन कोन पयाले ते पाहून येतो."