दोऱ्यासाठी एवढ्या लांब

"आज तलावाकडे नको," डबा भरता भरता ती म्हणाली. "डोंगराच्या पलीकडच्या त्या बाजारगावाला जाऊ. मला दोरा घ्यायचाय."

दोरा कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळत होता. तरी गाडीची किल्ली त्याने उचलली.

ऐन उन्हाळ्यात बदली होऊन ते या भागात आले होते. तो लिफ्टची तपासणी करणाऱ्या कंपनीत होता. कुठल्या दोरखंडाचा आवाज बदललाय, हे त्याला डोळे मिटूनही कळायचं. बदलीसाठी साहेबांनी दोन गावं पुढे ठेवली, तेव्हा हे गाव तिनेच निवडलं. इथली हवा चांगली आहे म्हणे. एरवी भाजी कुठली करू हेसुद्धा विचारून करणाऱ्या बायकोने एवढं चटकन मत दिलं, याचं त्याला तेव्हा कौतुकच वाटलं होतं.

हे त्याचं दुसरं लग्न. पहिली बायको गेल्यावर तो बरेच दिवस एकटा राहिला होता. ही स्वभावाने गरीब. कप खाली ठेवतानाही आवाज करायची नाही. तो तिला जपायचा, एकटीला कुठे पाठवायचा नाही. रागाच्या भरात कधी हात लागला असेल, नाही असं नाही. पण नंतर मलम आणून देणाराही तोच असायचा.

आणि आता ही दर रविवारी भटकायला निघायची. नव्या जागी आलोय तर चार ठिकाणं बघायला नकोत का, असं तिचं म्हणणं. त्यालाही आधी बरं वाटलं. धरणाच्या भिंतीवर त्याने तिचे फोटो काढले. मग झाडाखाली त्याचा डोळा लागला. जागा झाला तर ती पहारेकऱ्याच्या खोलीपाशी उभी होती. पाणी मागायला गेले होते, म्हणाली. पाण्याची बाटली त्याच्या उशाशी भरलेली होती.

पुढच्या खेपेला कुंभारांच्या वस्तीत गेले. तिथे तिने साधी पणतीएवढी वस्तूही घेतली नाही, पण कुंभाराच्या बायकोशी आत जाऊन बोलत बसली. तो दारात आल्यावर दोघी गप्प झाल्या. टेकडीवरच्या पडक्या बुरुजाकडे गेले तेव्हा ती मागे रेंगाळली आणि फोन कानाला लावलेली सापडली. रेंज येते का बघत होते, म्हणाली.

त्याच्या मनात पाल चुकचुकली.

ती अंघोळीला गेल्यावर त्याने तिचा फोन पाहिला. त्याच्या स्वतःच्या नंबराखेरीज त्यात काहीच नव्हतं. एखादं यंत्र इतकं चकचकीत पुसलेलं दिसलं, की तो ते दुप्पट तपासत असे. त्या आठवड्यात तिचा फोन वाजला तेव्हा तिचे हात पिठात होते. ती धावत यायच्या आत त्याने उचलला. पलीकडे पुरुषाचा आवाज होता. शिवणयंत्र तयार आहे, रविवारी घेऊन जा, एवढं बोलून त्याने ठेवून दिला.

त्यांच्या घरात शिवणयंत्र नव्हतं.

चुकून लागला असेल, असं ती म्हणाली. त्यानेही मान डोलावली. विचारून कोण कबूल करतं? रंगेहाथ पकडलं की बोलायला तोंड राहत नाही.

बाजारगावात पोचले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. रसवंतीच्या सावलीत तिने त्याला बसवलं. "तुम्ही इथेच थांबा, अहो. उगाच तुमचं डोकं चढेल. मी आलेच."

"जा की," तो म्हणाला. "सावकाश ये."

रसाचा पेला तसाच ठेवून तो तिच्या मागे निघाला. दोऱ्याच्या दुकानाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. लोखंडी सामानाची आळी ओलांडून ती एका अरुंद दुकानापाशी थांबली. छताला शिवणयंत्रांचे पट्टे टांगलेले होते. तेलकट हातांचा एक माणूस उठला. त्याने हात पुसले आणि नुसतं आतल्या दाराकडे बोट केलं. ती उंबऱ्यावर क्षणभर अडखळली, मग आत गेली. त्या माणसाने शटर खाली ओढलं.

त्याची कानशिलं तापली. काय बोलायचं, पहिली थप्पड कोणाला द्यायची, सगळं त्याने ठरवलं. आळीला वळसा घालून तो मागच्या बोळात आला. खिडकीला गज होते आणि आत अर्धवट सरकवलेला पडदा.

आत पुरुष नव्हता. बायको स्टुलावर बसून डोळे पुसत होती. तिच्यासमोर, खिडकीकडे पाठ करून, एक बाई माठातून पाणी काढत होती. पेला हातात देताना तिने बायकोच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्याचा जीव भांड्यात पडला. बाई! आपण काय काय मनात आणलं, म्हणून त्याला स्वतःचंच हसू आलं. शिवण शिकायची हौस असणार, आणि विचारायची हिंमत झाली नसणार. वेडी आहे झालं. जाताना तिला यंत्रच घेऊन द्यावं, नवंकोरं, असं म्हणून तो वळला.

तेवढ्यात ती बाई बोलू लागली, आणि त्याचं पाऊल उचललंच नाही. हा आवाज त्याने वर्षानुवर्षं स्वतःच्या घरात ऐकला होता.

"माझं काय झालं म्हणून सांगितलंय गं त्याने तुला?" ती विचारत होती. "तापाने गेले, की बुडून?"