मुकादमाची तपासणी

अमेरिकी नौदलाच्या गोदीत अणुपाणबुडीची दुरुस्ती चालली होती. त्या सकाळी गोदीचा मुकादम आर्मंड आत शिरण्याआधीच दारातलं किरणोत्सार मोजणारं यंत्र बोंबललं. तपासनीस डार्लीन पुढे झाली. साऱ्या गोदीला दरडावणारा हा धटिंगण, आणि त्याला अडवायचं तिनं!

"हलू नका," म्हणत तिनं हातातलं मीटर फिरवलं. बूट गप्प, हात गप्प. चेहऱ्याजवळ नेताच मात्र ते किंचाळलं. मागची रांग चार पावलं मागे सरली.

"अगं, मी आत गेलोच नाही अजून!" आर्मंडला घाम फुटला. "सरळ घरून येतोय!"

डार्लीननं त्याच्या बायकोला फोन लावून स्पीकर चालू केला आणि घरात किरणोत्सारी काही आहे का, ते विचारलं.

"मांजरीला थायरॉइडसाठी किरणोत्सारी औषध दिलंय परवा," बायको म्हणाली. "पंधरा दिवस तिला जवळ घ्यायचं नाहीये. पण यांचा काय संबंध? हे तर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत!"

आर्मंडचे कान लालबुंद झाले.

 

डार्लीननं हसू दाबत अहवाल भरला: 'दूषित जागा: नाकाचा शेंडा. कारण: मांजरीची पापी घेणे.'