हराळी

दुष्काळात रानात काम उरलं नाही, तशा नीलम्मा नेकनूरहून बीडला लेकाकडं राहायला आल्या. लेक मल्लिनाथ दूध सोसायटीचा चेअरमन. बंगला झकास, पण अंगणभर हराळी माजलेली. उभी हयात हराळी खणण्यात गेलेली बाई ती. तिला हे कसं बघवावं? लेकाला बिचाऱ्याला सवड नसंल, म्हणून त्यांनी खुरपं घेतलं आणि दुपारभर खपून सगळी मुळासकट उपटली. घरामागं मोरीचं पाणी साचायचं, तिथं नेऊन भिरकावली.

संध्याकाळी मल्लिनाथ फाटकातच थबकला.

"माय, ते लॉन होतं. पुण्याहून आणलेलं."

"लॉन मन न्हाईतर कायबी मन. हराळी ती हराळीच."

पुढं टँकर बंद झाले आणि कॉलनीतलं एकूण एक लॉन करपलं. मोरीच्या पाण्यावर हराळी मात्र अशी तरारली, की चेअरमनसाहेब आता पाहुण्यांसाठी घरामागंच खुर्च्या टाकतात.

नीलम्मा रोज खुरपं शोधतात.



ते सोसायटीच्या तिजोरीत आहे.