हाताला बसणारं ड्रिल

“हे बी नको. लय जड हाय,” यल्लाप्पा म्हणाले आणि त्यांनी तिसरं ड्रिल मशीन काउंटरवर परत ठेवलं.

गुणमालाबाई कुपवाडला वीस वर्षं हत्यारं विकत होत्या. गिऱ्हाईक दारातून आत येतानाच त्याला कोणतं मशीन द्यायचं हे त्यांच्या मनात ठरायचं, आणि सहसा ते चुकायचं नाही. याचा त्यांना थोडा ताठाही होता. या साताऱ्याच्या प्लंबरनं मात्र पाऊण तास त्यांना घाम फोडला होता.

“मामा, स्लॅबमधनं पाईप काढायचा म्हणजे ठोके मारणारं जड हॅमर मशीनच लागतंय. हलकं मशीन नुसतं घुमत बसतंय.”

“ठावं हाय की. पस्तीस वर्षं महाबळेश्वरच्या हॉटेलांत गरम पाण्याच्या लाइनी टाकल्यात मी. पर हे माझ्यासाठी न्हाई.”

त्यांनी पिशवीतून एक कातडी हातमोजा काढला. तळव्याला झिजून गुळगुळीत झालेला. तो त्यांनी मशीनच्या मुठीवर धरला आणि बोटं कुठवर येतात ते वाकून बघितलं.

“एवढा हात हाय. बोटं लांब. मूठ बारीक असली की बोटं तळव्यात रुततात.”

“मुलाचा मोजा काय?”

“सूरजचा.”

“तो पण हेच काम करतोय?”

“माझ्याच हाताखाली शिकला. टाइलला भोक पाडताना कवा तडा गेला न्हाई त्याच्याकडनं.”

“मग एवढ्या कारागिराला घरी ठेवून बापानं कशाला यायचं? आवं, लय लाड करताय तुमी.”

यल्लाप्पा हसले नाहीत. त्यांनी मशीन उलटं केलं. “बिट सळईला अडकलं तर हे आपोआप बंद हुतंय का?”

प्रश्न जाणकाराचा होता. काँक्रीटमधल्या सळईत बिट अडकलं आणि मशीन थांबलं नाही, तर धरणाऱ्याचा हातच फिरतो. असं मनगट मोडून बसलेले चांगले चांगले प्लंबर गुणमालाबाईंनी पाहिले होते.

“आधी मोडलंय का मनगट?” त्यांनी आवाज उतरवून विचारलं.

“लय मोठं ऑपरेशन झालंय. दोन्ही हातांचं. तीन वर्षं व्यायाम चाललाय. आता डाक्टर म्हणालं, हलकं काम करायला हरकत न्हाई. पर झटका बसता कामा न्हाई. त्या हातास्नी काय झालं तर...” ते थांबले. “तर मला सोसायचं न्हाई, ताई.”

गुणमालाबाईंनी महागाची सगळी मशीनं बाजूला सारली आणि आतून एक लहान खोकं आणलं.

“हे घ्या. बॅटरीवरचं. सव्वा किलो. अडकलं की जागेवर बंद. विटेची भिंत, टाइल, पाइपाचे क्लॅम्प, एवढं आरामात होतंय. स्लॅब फोडायचं काम दुसऱ्याला करू दे.”

यल्लाप्पांनी मोजा मुठीवर धरला. बोटं नीट बसली. ते बराच वेळ तसेच धरून उभे राहिले.

गुणमालाबाईंना आपला मुलगा आर्जव आठवला. तो पुण्याला कंपनीत. वर्षातून दोनदा दुकानात यायचा आणि मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचा. समोरच्या माणसाचा त्यांना सरळ सरळ हेवा वाटला.

“नशीबवान आहात, मामा. मुलानं तुमचंच काम धरलं.”

“व्हय,” यल्लाप्पा मोजा पिशवीत ठेवत म्हणाले. “धरलं खरं.”

“पण एक सांगते. वापरणाऱ्यानं धरून बघितल्याशिवाय मी मशीन देत नाही. त्याला बोलवा.”

“हितंच जवळ माधवनगरात ऱ्हातोय. बोलावतो.” ते फोन घेऊन पायरीवर गेले.

मुलगा इकडं कामाला राहिला असणार, असं गुणमालाबाईंनी धरलं. म्हणूनच बाप साताऱ्याहून इथं खरेदीला आला.

वीस मिनिटांनी रिक्षा थांबली. उतरला तो पंचेचाळिशीचा, काळासावळा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला माणूस. तो पाया पडायला वाकला, तर यल्लाप्पांनी त्याला मधेच अडवलं. त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि उलटसुलट करून बघितले. गुणमालाबाईंनी त्याच्या मागं पाहिलं. रिक्षा रिकामीच परत गेली.

“ह्यो विश्वजित,” यल्लाप्पांनी सांगितलं. “गच्चीवर सोलर हीटर बसवायचं काम करायचा.”

दुकानामागं मशीन तपासायला एक भिंत होती, अर्धी विटेची, अर्धी टाइलची. विश्वजितनं ड्रिल उचललं आणि टाइलवर टेकवलं. मूठ दोनदा नीट धरून बघितली, मग बटण दाबलं. भोक गोल पडलं, कुठं तडा नाही. यल्लाप्पांनी भोकाकडं बघितलंच नाही. ते बोटांकडं बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

“झ्याक बसतंय हाताला,” विश्वजित म्हणाला.

“तुम्हाला बसलं हो,” गुणमालाबाई म्हणाल्या. “पण ज्याच्यासाठी घ्यायचं, त्या सूरजनं धरून बघायला नको का?”

विश्वजितनं ड्रिल खाली ठेवलं आणि बाह्या वर सारल्या. मनगटांच्या जरा वर, दोन्हीकडं, गोल फिरलेला व्रण होता. व्रणाच्या वर कातडी काळीसावळी होती, खाली गोरी आणि कोवळी.

“पाच वर्षांमागं गच्चीवर पाईप उभा केला आणि तो वरच्या विजेच्या मोठ्या तारंला लागला, ताई. माझं दोन्ही हात काढावं लागलं.”

“मग हे हात?” गुणमालाबाईंनी विचारलं.

“ह्ये आमच्या सूरजचं हाईत,” यल्लाप्पा म्हणाले. “त्यो गेला, तवा आमी दिलं.”