तुलनेची डिश

ताईच्या जिवाची सकाळपासून नुसती घालमेल चालली होती. हॉस्पिटलात चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं, हाडाच्या कॅन्सरच्या कोणत्या पेशंटला औषधासोबत उष्णताही द्यायची आणि कोणाला नुसतं औषध. तिच्या धाकट्या भावाच्या, टिल्ल्याच्या वाट्याला नुसतं औषध आलं. “त्याला शेक का नाही गं?” आईनं विचारलं. “तुलनेला कोणीतरी लागतंच,” असं पुटपुटून ताई तिथून सटकली होती. आता प्रयोगशाळेत तिच्यापुढे रोजचंच काम होतं: कॅन्सरच्या पेशींच्या दोन डिश, दोन्हींत औषध, पण गरम पाण्यात एकच ठेवायची. सर आले, पाण्यात डोकावले आणि चमकले. “अगं, दोन्ही आतच? मग तुलना कशाशी करणार?” त्यांनी दुसरी डिश काढायला हात घातला. डिशच्या झाकणावर नंबराऐवजी ताईच्याच अक्षरात ‘टिल्ल्या’ लिहिलेलं होतं. ताईनं त्यांचं मनगट धरलं, आणि ती काही केल्या सोडेना.