दैवशालाची सीडी

"तुम्ही जरा बाहेर थांबता का, भाऊ?" दैवशाला म्हणाली.

अजमतची बोटं कीबोर्डवरच थांबली. मंठ्याच्या वाचनालयातले लिनक्सवर चालणारे कॉम्प्युटर त्याच्या हवाली होते. सीडी असो की पेनड्राइव्ह, फक्त त्याच्या खात्यातून उघडायचं. नियम त्यानंच घातला होता. कोण काय घालील, भरवसा नव्हता. आणि आपलं खातं उघडं टाकून तो कधी उठत नसे.

"मला बसावंच लागंल, ताई. कुणाला बिलकुल सांगणार न्हाई."

"सांगायचं सोडा. तुम्ही बघायचंच न्हाई."

सीडी वकिलांनी दिली होती. तिचा नवरा सोमेश्वर बाजारातून मोटारसायकलवर परतताना ट्रकखाली गेला होता. चौकातल्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. चूक सोमेश्वरचीच, असं ट्रकवाला म्हणत होता. कोर्टातल्या साक्षीआधी एकदा डोळ्यानं बघून घ्या, असं वकील म्हणाले होते. घरी सीडी लावायला काही नव्हतं.

"माझ्या माणसाचं शेवटचं हाये ते," ती म्हणाली. "परक्यासमोर कसं बघू?"

तिनं सीडी पदराखाली घेतली आणि दाराकडं निघाली.

अजमत रिकाम्या खुर्चीकडं बघत राहिला. लोकांच्या लग्नाचे फोटो, दवाखान्याचे रिपोर्ट, पोरींचे अर्ज, सगळं आजवर त्याच्या डोळ्यांखालून गेलं होतं. बघू का, असं त्यानं कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"ताई, थांबा."

त्यानं एक फाईल उघडली. सीडी कुणी उघडायची, हे ठरवणाऱ्या ओळीत एकच शब्द वाढवला, 'युजर'. आता कुणीही साधा सभासद आपली सीडी आपण उघडू शकणार होता. मग त्यानं स्वतःचं खातं बंद केलं आणि सभासदांचं सुरू करून दिलं.

"आता तुम्हीच घाला. इथं दाबलं की उघडंल. मी बाहेर हाये."

तो पायरीवर जाऊन बसला. रस्त्यावरून ऑटो जात होते. आतून रडण्याचा आवाज येईल म्हणून त्यानं मान खाली घातली. आवाज आला नाही. बराच वेळ गेला.

"भाऊ." दैवशाला दारात उभी होती. "आत या. बसा माझ्याजवळ."

"बघून झालं, ताई?"

ती खुर्चीकडं वळली. अजमत आत गेला. पडद्यावर सीडी उघडलेली होती. व्हिडिओ तिनं अजून सुरूच केला नव्हता.