पावाचं सबटायटल

“तुमचा नायक पाव मागताना ‘ह्लेब’ म्हणतो. तो शब्द शेजारच्या सर्बांचा. आपल्या क्रोएशियात पावाला ‘क्रुह’च म्हणायचं,” सांस्कृतिक खात्याच्या बाईंनी बजावलं.

“अहो बाई, नायक सर्बच आहे! आणि ह्लेब म्हणजे काय, ते इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं,” म्हातारे दिग्दर्शक तिहोमीर वैतागले.

“कळतं हो, पण कळून चालत नाही. खाली सबटायटल टाकू.”

उपासमारीवरचा तो सिनेमा जुन्या राजवटीने ‘फार रडका’ म्हणून डब्यात बंद केला होता. नव्या राजवटीत एकदाचा झाग्रेबच्या थिएटरात लागला. पडद्यावर मरणाऱ्या माणसाने पुटपुटत पाव मागितला, “ह्लेब.” खाली उमटलं, ‘क्रुह’. कुणीतरी फिसकन हसलं. मग त्याने आईला हाक मारली, “माय्को!” हा शब्द दोन्हीकडे एकच, तरी खाली इमानेइतबारे ‘माय्को!’ झळकलं आणि अख्खं थिएटर खो-खो हसत सुटलं. अंधारात डोळे पुसत होते ते एकटे तिहोमीर.

त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट विनोदी चित्रपटाचं पारितोषिक त्यांनाच मिळालं. संवादांचं मात्र बाईंनी नेलं.